पहिला रविवार

टोंगामध्ये रविवारी काहीच उघडं नसतं.
दुकान नाही, बस नाही,
विमानसुद्धा उतरत नाही म्हणे.
हे आम्हाला रविवारी सकाळी कळलं.
तिघांत मिळून उरलेला ऐवज:
अर्धा पाव, एक लिंबू,
आणि ऋजुतानं तीन देशांतून जपून आणलेली
मेतकुटाची पुडी.

पाठीवर बोजे घेऊन निघालो,
डुकरिणीमागून रस्ता ओलांडणारी पिल्लं मोजत.
एल्के म्हणाली, ते पांढरं दिसतंय ना,
तिथे सावली असेल. नळ असेल.

पांढरं म्हणजे नुकतं धुऊन वाळत घातल्यासारखं.
टोकावर सोनेरी माणूस, तोंडाला तुतारी,
आवाज नाही.
हिरवळ इतकी सारखी कापलेली
की बूट काढावेसे वाटले.
फाटकाशी बाक, बाकावर लोसालिने,
कमरेला विरलेल्या कडांची चटई गुंडाळून.
पणजीची होती, नंतर कळलं.
जितकी जुनी, तितका मान.

आत जाता येईल? एल्केनं विचारलं.
आज मंदिर बंद, ती म्हणाली.
आणि एरवीही तुम्हाला नाही.
आमच्यातल्याही सगळ्यांना नाही, चिठ्ठी लागते.
बोलली अगदी हळू,
जखमेवरची पट्टी सोडवावी तशी.

ऋजुतानं माझ्याकडे पाहिलं.
मला हसू आलं.
आमच्या घराण्यात हे काम पिढीजात आहे,
देवळाबाहेर उभं राहणं.
माझा आजा रखमाजी, जत्रेत
दीपमाळेच्या अलीकडे चुन्याची रेघ होती, तिथवर जायचा.
तिथूनच नारळ फोडायचा.
वडिलांनी रेघही सोडली, देवही.
आणि मी, एकोणीस तास विमानात बसून
पुन्हा एका फाटकाशी.

पण सावली होती. नळ होता.
आणि ती बाकावर सरकून जागा करत होती.

एल्केनं बर्नर काढला. चहा टाकू?
चहा आम्ही घेत नाही, लोसालिने म्हणाली, कॉफीही नाही.
ऋजुताचा चेहरा असा झाला
जणू कुणी गेल्याचा निरोप आलाय.
आणि आज महिन्याचा पहिला रविवार, उपास,
संध्याकाळपर्यंत पाणीसुद्धा नाही.
एकादशी, दुप्पट खाशी,
ऋजुता मराठीत पुटपुटली आणि पाव पिशवीत परत ठेवला.

आत काय असतं? मी विचारलं.
ती थांबली. सांगण्याजोगं तेवढं सांगितलं.
आत पाणी आहे.
पंधराव्या वर्षी ती त्यात उतरली होती
आजोबांच्या आईसाठी,
जिनं हे मंदिर पाहिलंच नाही.
मेलेल्यांच्या नावानं जिवंतांनी बुडी मारायची.
घ्यायचं की नाकारायचं, ते त्यांनी तिकडे ठरवायचं.

तुझ्या मागे कोण कोण?

रखमाजी, मी म्हणालो. त्याचा बाप सटवा.
त्यापलीकडे कुणी लिहून ठेवलं नाही.
तिला सत्तावीस नावं तोंडपाठ होती.

वाटलं, आजाला विचारावं,
उतरू का रे तुझ्यासाठी?
तर तंबाखूची पिंक टाकून तो म्हणालाच:
पाणी? तहान लागली होती, तवा कुठं होतं?

हे मी तिला सांगितलं नाही.
इंग्रजीत कसं सांगतात, तेही आठवेना.

संध्याकाळी तिच्या घरामागं
सेमीसीनं, तिच्या भावानं, जमिनीतली चूल उकरली.
माती, केळीची पानं, वाफ,
आणि आतून निघाला अळू,
नारळाच्या दुधात शिजलेला, पुरचुंड्या बांधून.
फतफतं! ऋजुता ओरडलीच.
वर मेतकूट भुरभुरलं. सेमीसीनं वास घेतला,
आणि पुडीच आपल्याकडे ओढली.

पण आधी सगळे डोळे मिटून उभे राहिले.
प्रार्थना लांबली. एक पोरगं शिंकलं.
मग लोसालिनेनं पेला भरला,
दिवसभरातलं तिचं पहिलं पाणी,
आणि ओठांना लावायच्या आधी
माझ्यापुढे धरला.

माझे हात क्षणभर
आपोआप ओंजळीत गेले.
एल्केला वाटलं, मी नमस्कार करतोय.
तिनंही केला.